वऱ्हाड समुद्रकिनारी निघालंय? पाहुण्यांना फिरवायचं नियोजन असं करा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची लग्नं आता अलिबाग, नागाव, मुरूड, दमण अशा किनारी गावांत होऊ लागली आहेत. मुलगी मुंबईत नोकरीला असते, मुलाकडचे रायगडचे असतात, किंवा दोघांना लग्न समुद्राकाठीच हवं असतं. वऱ्हाड निघतं आणि बसमध्येच ठरतं, ‘एवढं लांब चाललोय तर सगळं बघून घेऊ.’ मग किल्ल्याशी पोचावं तर वाटेवर पाणी चढलेलं असतं. मामा मुरूडच्या रस्त्यावर गाडीत अडकतात आणि इकडे अंतरपाट धरायची वेळ होते. आजीला दमट उकाड्यानं चक्कर येते.

दरवेळी चूक एकच असते. आपण फिरण्याच्या जागा आधी ठरवतो आणि वेळ नंतर बघतो. तापीकाठी ते चालतं, कारण पाटणादेवीचं देऊळ सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळीही असतं. किनाऱ्यावर मात्र आता कोरडी वाळू असलेली जागा सहा तासांत पाण्याखाली जाते. म्हणून तिथे आधी भरती-ओहोटी पाहायची, मग मुहूर्त आणि जागा सगळ्यांत शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. उदाहरणासाठी अलिबाग परिसर धरला आहे, कारण आपल्याकडची किनाऱ्यावरची बरीच लग्नं तिथेच होतात.

पायरी १ : पत्रिका आणि पंचांग शेजारी ठेवा

हे काम घरूनच, निदान पंधरा दिवस आधी करायचं. लग्नघरात पंचांग असतंच, आणि त्यातली तिथी भरतीची वेळही सांगते. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर जुना हिशेब चालतो : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत तिथी एक ते पंधरा अशीच मोजा. अमावास्याही पंधराच धरा.

समजा लग्न वद्य तृतीयेचं आहे. तीन त्रिक नऊ, भागिले चार, म्हणजे सव्वादोन. रात्री आणि दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ जातो, म्हणजे सकाळी साडेआठच्या आसपास पाणी सगळ्यांत मागे असेल. अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्याला चालत जायला ही वेळ उत्तम.

आता लग्न शुद्ध दशमीला धरा. दाही त्रिक तीस, भागिले चार, साडेसात. भरती सकाळ-संध्याकाळ साडेसातला, तर ओहोटी भर दुपारी दीडच्या पुढे. वैशाखात त्या उन्हात कुणाला वाळूत नेऊ नका. संध्याकाळी पाचला किनाऱ्यावर गेलात तर पाणी वर चढत असेल आणि बसायला वाळूचा अरुंद पट्टाच उरेल. त्या दिवशी किल्ला सोडून द्या, देवळं आणि वाड्या पाहा.

पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी अकरा-बाराच्या सुमारास येते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ साडेपाच-सहाला. संध्याकाळी लांबच लांब वाळू मोकळी मिळते, म्हातारी माणसं आणि मुलं घेऊन फिरायला यासारखी वेळ नाही. पण पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे असतात. पाणी जितकं दूर जातं तितक्याच जोरानं परत येतं. अष्टमीच्या आसपास उलट असतं, त्याला भांग म्हणतात. भरती लहान येते आणि ओहोटीलाही पाणी पुरतं हटत नाही. तेव्हा ओहोटीच्या वेळेलाही किल्ल्याच्या वाटेवर गुडघाभर पाणी राहू शकतं. पत्रिकेवर अष्टमी-नवमी दिसली की पायी किल्ला यादीतून काढून टाका.

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. हळदीच्या दिवशी जी वेळ होती तीच लग्नाच्या दुसऱ्या दिवशी धरली तर दोन दिवसांत पावणेदोन तासांची चूक होते. गावी परत यायच्या दिवसापर्यंतचा प्रत्येक दिवस वेगळा मांडून एका कागदावर लिहा.

*सावधान :* पाऊणपटीचा हिशेब बेत आखण्यापुरता आहे, पाण्यात पाऊल टाकण्यासाठी नाही. त्या दिवसाची छापील किंवा मोबाइलवरची भरतीची वेळ पाहा. किनाऱ्यावर पोचल्यावर कोळीबांधवांना किंवा होडीवाल्यांना विचारा आणि त्यांचा शब्द अखेरचा माना. रत्नागिरी-मालवणकडे भरती या हिशेबापेक्षा आधी येते. दमणकडे लग्न असेल तर तिथली वेळ स्वतंत्रच पाहा. तिथे पाणी फार दूर जातं आणि सपाट किनाऱ्यावर भराभर परत येतं.

पायरी २ : पाहुण्यांच्या तीन याद्या करा

नात्यावरून नव्हे, पायांवरून आणि कामावरून याद्या करा.

पहिली यादी विधीतल्या माणसांची : नवरदेव-नवरीचे आईवडील, मामा, करवली, कानपिळ्या, देवक बसवणारं जोडपं. यांनी लग्नाआधी मुक्कामापासून अर्ध्या तासापेक्षा लांब जायचं नाही. त्यांना किनाऱ्यावरची एक संध्याकाळ पुरे. मामाला बोटीत बसवून जंजिऱ्याला पाठवणारं घर लग्नात घड्याळाकडेच बघत बसतं.

दुसरी यादी ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना साखर-बीपी आहे, ज्यांच्या कडेवर मूल आहे त्यांची. तिसरी धडधाकट मंडळींची. आपल्या घरांत आप्पा, नाना, आबा यांना ‘तुम्ही येऊ नका’ असं तोंडावर म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. त्यांच्यासाठी वेगळी, त्यांना आवडेल अशी जागा आधीच ठरवून ठेवा आणि सोबत एक जबाबदार पुतण्या द्या. वेगळं नियोजन असलं की कुणाला डावलल्यासारखं वाटत नाही.

*तपासा :* प्रत्येक यादीसाठी गाडी कोणती, सोबत कोण आणि परत यायची वेळ काय, हे तिन्ही लिहिलेलं आहे का?

पायरी ३ : जागा निवडा, पण आधी रस्ता मोजा

आपल्याला जळगाव-धुळे महामार्गाची सवय. पन्नास किलोमीटर म्हणजे तासाभराचा रस्ता, हे डोक्यात बसलेलं असतं. अलिबाग ते मुरूड अंतरही साधारण तेवढंच आहे, पण रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून आणि गावांच्या मधून वळणं घेत जातो. शनिवार-रविवारी दोन तास धरा, नंतर जेट्टीवरची रांग वेगळी.

लग्नाआधीच्या दिवसासाठी फक्त जवळच्या जागा घ्या. अलिबाग शहरात कुलाबा किल्ला आणि कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. शहराला लागून वरसोली आणि आक्षीचे किनारे आहेत, आणि नऊ-दहा किलोमीटरवर नागाव. ज्येष्ठांसाठी चौलचं रामेश्वराचं देऊळ चांगलं. समोर पुष्करिणी आहे, सावली आहे आणि चढ नाही. कनकेश्वरही सुंदर आहे, पण डोंगरावर आहे आणि शेकडो पायऱ्या चढाव्या लागतात. तो तिसऱ्या यादीसाठीच, आणि तोही पहाटे. चौलच्या दत्ताच्या डोंगरालाही पायऱ्या आहेत. ‘देऊळ आहे’ एवढं ऐकून आजीबाईंना गाडीत बसवण्याआधी ही चौकशी करा.

काशीदचा किनारा, फणसाडचं अभयारण्य आणि मुरूड-जंजिरा लग्न पार पडल्यावरच. हरिहरेश्वर-दिवेआगर अलिबागहून इतकं लांब आहे की त्यासाठी वेगळा मुक्काम हवा. एका दिवसात ते जोडू नका. लग्नच श्रीवर्धन-दिवेआगरकडे असेल तर गोष्ट निराळी.

*सावधान :* हरिहरेश्वरची प्रदक्षिणा देवळामागच्या पायऱ्या उतरून समुद्राकाठच्या खडकांवरून होते. ती फक्त ओहोटीत करायची. तिथे लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. भरती सुरू झाली असेल तर देवळातूनच हात जोडा, देव रागावत नाही.

पायरी ४ : प्रवास एक दिवस आधी संपवा

रात्रभर बसमध्ये बसून सकाळी पोचायचं आणि तसंच समुद्रावर उतरायचं, हा क्रम मोडा. झोप न झालेलं माणूस उकाड्यात लवकर गळतं. पोचण्याच्या दिवशी फिरणं ठेवूच नका, फक्त संध्याकाळी किनाऱ्यावर बसा.

रस्त्याने येणाऱ्यांना धुळे, नाशिक, कसारा घाट, पुढे पनवेल, पेण, वडखळ आणि अलिबाग असा मार्ग पडतो. वडखळ नाक्याला सुट्टीच्या दिवशी गाड्या तुंबतात, तिथे दुपारऐवजी पहाटे पोचायचा हिशेब ठेवा. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगावची मंडळी रात्रीच्या रेल्वेनं मुंबईत उतरू शकतात. नंदुरबार, अमळनेरकडच्यांना सुरतमार्गेही येता येतं. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही, पुढचा टप्पा पाण्यानं किंवा रस्त्यानं.

पाण्यानं जायचे दोन मार्ग आहेत. गेटवेहून अलिबागजवळच्या मांडवा बंदराला प्रवासी बोटी सुटतात, आणि बऱ्याच बोटींच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोट मांडव्याला जाते, तीत गाड्याही चढतात आणि साधारण तासाभरात पोचते. मे महिन्यातल्या शनिवारी ऐनवेळी गाडीसाठी जागा मिळेल या भरवशावर राहू नका, आधी आरक्षण करा. पाऊस तोंडावर आला की गेटवेच्या बोटी बंद होतात, म्हणून ज्येष्ठ-आषाढातल्या लग्नाला रस्त्याचा पर्याय तयार ठेवा.

आपली पन्नास सीटची बस वाड्यांच्या अरुंद गल्ल्यांत घालू नका. ती मुक्कामी उभी करा आणि चालकाला झोपू द्या. परतीच्या रात्री कसारा त्यालाच चढायचा आहे. गावात फिरायला तिथल्या सहा आसनी रिक्षा दिवसाच्या बोलीनं ठरवा. त्या रिक्षावाल्याला कोणत्या वाटेवर पाणी येतं हे ठाऊक असतं.

पायरी ५ : उकाडा वेगळा आहे, हे मंडळींना आधी सांगा

‘आम्ही पंचेचाळीस अंशात लग्नं लावणारी माणसं, इथले चौतीस काय करणार?’ हे वाक्य प्रत्येक वऱ्हाडात ऐकू येतं. खान्देशातलं ऊन कोरडं असतं, घाम लगेच वाळतो आणि त्यासोबत अंगही निवतं. किनाऱ्यावर हवेतच पाणी इतकं असतं की घाम वाळत नाही. अंग तापत राहतं, मीठ जात राहतं आणि माणसाला कळत नाही.

पिशवीत मीठ-साखरेची पाकिटं, लिंबं, पाण्याची पिंपं आणि सुती पंचे घ्या. जरीच्या साड्या आणि कोट मंडपापुरते. फिरताना सैल सुती कपडे. दहा ते चार या वेळेत कुणालाही वाळूवर नेऊ नका. साखर-बीपीच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या हातपिशवीत असाव्यात, बसच्या डिकीतल्या पेटीत नव्हे.

*तपासा :* घाम थांबला, बोलणं अडखळलं, डोकं गरगरलं, तर फोटो राहू द्या. सावलीत झोपवा, ओले पंचे घाला, शुद्धीत असेल तर घोटघोट पाणी द्या आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

पायरी ६ : कुलाबा किल्ला, पावलापावलाने

किल्ला अलिबागच्या किनाऱ्यापासून एक-दीड किलोमीटरवर आहे. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

लोक ‘ओहोटी साडेआठला’ ऐकतात आणि साडेआठला मुक्कामाहून निघतात. किल्ल्यात पोचेपर्यंत पाणी परत फिरलेलं असतं. निघायचं ते पाणी अजून उतरत असतानाच, पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी. वाट मोकळी दिसली आणि होडीवाले ‘जा’ म्हणाले की चालू लागा. ओहोटीच्या क्षणी तुम्ही किल्ल्यातून परतीच्या तयारीत असायला हवं.

जाताना पायात पट्ट्यांची, मागून घट्ट बसणारी पादत्राणं घाला. मधल्या खडकांवर शेवाळ असतं, त्यावर अनवाणी पाय आणि सपाता दोन्ही घसरतात. तिकिटासाठी सुटे पैसे, पाणी आणि टोपी घ्या. आत १७५९ साली राघोजी आंग्रे यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असूनही आत गोड्या पाण्याची विहीर आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ती विहीर तटबंदीइतकीच बघण्यासारखी वाटते. मुलांना तटाच्या कडेला एकटं सोडू नका.

आत शिरतानाच सगळ्यांना परतीची वेळ सांगा आणि एकाला दारापाशी उभं करा. त्यानं शिट्टी वाजवली की सगळ्यांनी निघायचं.

*सावधान :* उशीर झालाच आणि वाटेवर पाणी भरू लागलं, तर ‘कमरेएवढंच आहे, जाऊ’ असं करू नका. किल्ल्यातच थांबा. होडी बोलवा किंवा पुढच्या ओहोटीची वाट पाहा. लग्नाला उशीर झालेला चालतो.

पायरी ७ : पाण्यात उतरण्याचे नियम

हे नियम घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसानं वाचून दाखवावेत, म्हणजे तरुण मंडळी ऐकतात.

तापी-गिरणेत पोहायला शिकलेल्याला समुद्रात पोहता येतंच असं नाही. नदीचा ओढ एका दिशेला असतो. समुद्रात वरची लाट किनाऱ्याकडे ढकलते आणि मागे फिरणारं पाणी पायाखालून आत ओढतं, वाळूही सरकते. ओहोटी लागलेली असताना हा ओढ वाढतो. काशीदची पांढरी वाळू सगळ्यांना भुरळ घालते, पण तो किनारा उतरता आहे, चार पावलांत पाणी खोल होतं. तिथे घोट्यापुरतं पाणी पुरे.

लाटांच्या मध्ये एखादा पट्टा शांत, गडद दिसतो. तिथे लाट फुटत नाही म्हणून लोक तिथेच उतरतात. पाणी आत ओढलं जाण्याची ती वाट असते. कुणी त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे थेट झुंजू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढाबाहेर यावं, मगच किनाऱ्याकडे वळावं. बाहेरच्यांनी मागे उडी मारू नये. दोर, ट्यूब, रिकामं पिंप, जे तरंगेल ते फेकावं आणि जीवरक्षकाला हाक द्यावी. एकाला काढायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

दारू प्यालेल्याला पाण्यापासून दूर ठेवा, तो कितीही जवळचा पाहुणा असो. पॅराशूट, स्कूटर, केळ्याच्या आकाराची बोट, काहीही करा, पण जीवरक्षक जॅकेट अंगात घालून आणि पट्टे आवळून. गाडी वाळूवर उतरवू नका. चाकं रुततात आणि भरती गाडीसाठी थांबत नाही. सोन्याचे दागिने मुक्कामी ठेवा. मेंदी ताजी असेल तर खाऱ्या पाण्यापासून जपा.

पायरी ८ : जंजिरा, लग्नानंतरच

मुरूडच्या पुढे राजपुरी गावातून शिडाच्या होड्या सुटतात. सकाळी लवकर पोचा, उन्हं आणि गर्दी दोन्ही टळतात. होडीवाले आत फिरायला ठरावीक वेळ देतात, तो आधी विचारून घ्या आणि परतताना त्याच होडीत बसा. दरवाजापाशी होडी हलत असते. हात धरूनच उतरायचं, घाई करायची नाही, आणि ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी हा किल्ला काठावरूनच पाहावा. पिण्याचं पाणी सोबत न्या. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

मला विचाराल तर एका दिवसात जंजिरा, आणि परत येताना कोर्लईचा दीपगृहाचा परिसर, एवढंच ठेवा. त्यात काशीद, बिर्ला मंदिर आणि बाजार कोंबला की बारा तास गाडीतच जातात.

पायरी ९ : जेवण आणि खरेदी

माळकरी आणि शाकाहारी किती आहेत ते मुक्कामाच्या ठिकाणी आधी सांगा, आणि तेल-तवा वेगळा असेल का ते स्पष्ट विचारा. पहिल्यांदाच समुद्रातला मासा खाणाऱ्यांना सुरमई किंवा पापलेट द्या, काटे कमी असतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या (शिंपल्या) यांनी काहींच्या अंगावर पुरळ उठतं, म्हणून नवरा-नवरीनं हे प्रयोग लग्न उरकल्यावर करावेत. कळण्याच्या भाकरीचं पीठ, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या. नारळाच्या वाटणाचं जेवण छान लागतं, पण तिसऱ्या दिवशी नानांना भाकरीच लागते. सोलकढी मात्र सगळ्यांना पाजा.

अलिबागचा पांढरा कांदा घरी न्यायला सगळ्यात चांगला. त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि उन्हाळ्यात रस्त्याकडेला वेण्या घालून टांगलेला मिळतो. चव गोडसर असते, भरताबरोबर कच्चा खायला उत्तम. वेणी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, कांद्याला घाम सुटतो आणि सडतो. बसच्या वरच्या जाळीत मोकळी ठेवा आणि घरी हवेशीर जागी टांगा. सुकट-बोंबील घेणाऱ्यांनी दोन पदरी पिशवीत बांधून डिकीतच ठेवावेत, बसमध्ये माळकरीही असतात.

निघण्याआधी तिन्ही याद्या काढून माणसं नावानं मोजा, आकड्यानं नाही. आकडा जुळतो आणि आपलं एक माणूस सोयऱ्यांच्या गाडीत, त्यांचं एक आपल्या बसमध्ये बसलेलं असतं.